साथीला कोण होतं?

१९५४ साली ‘नागिन’ आला आणि त्यातल्या पुंगीवर सगळा देश डोलायला लागला. लग्नाच्या वरातीत बँडवाले ती धून आजही वाजवतात आणि रुमाल तोंडात धरून नाचणारी माणसं आजही निघतात. त्या धुनेत खरी पुंगी मात्र नव्हती. कल्याणजी वीरजी शहा नावाचा एक तरुण वादक क्लॅव्हिओलीन हे विजेवर चालणारं छोटं परदेशी वाद्य वाजवत होता आणि त्याच्या जोडीला हार्मोनियमवर रवी होते. संगीतकार म्हणून नाव हेमंतकुमारांचं लागलं. ते रास्तच होतं, चाली त्यांच्या होत्या, आणि त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कारही त्यांना मिळाला. पण लोकांच्या कानात घर करून राहिलेला तो नाद या दोन वाजवणाऱ्यांच्या बोटांतून निघाला होता. सिनेमा पाहणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांची नावं ठाऊक असतील?

त्या दोघांचं नशीब थोर. रवींना १९५५ च्या ‘वचन’पासून स्वतंत्र काम मिळायला लागलं आणि कल्याणजी १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून संगीतकार झाले. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये त्यांच्या आजूबाजूला बसून वाजवणाऱ्या शेकडो वादकांच्या वाट्याला हे आलं नाही. ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांच्या कथा एकापुढे एक ठेवून पाहिल्या की एक गोष्ट मला सतत टोचते. साथीदाराला पुढे यायचं तर आधी साथ सोडावी लागली. कुणी संगीतकार झाला, कुणी शास्त्रीय मैफलीचा कलावंत झाला, कुणी गायक झाला. साथ करणारा वादक म्हणूनच ज्यांचा सत्कार झाला, त्यांचा तो झाला तेव्हा त्यांच्या हातातलं काम सरत आलं होतं.

हे असं का झालं, हे समजायला त्या काळचं ध्वनिमुद्रण डोळ्यांसमोर आणावं लागेल. महालक्ष्मीचं फेमस, ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, परळचं राजकमल. एका मोठ्या हॉलमध्ये व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला तालवाद्यं, मध्ये कुठे मेंडोलिन, सतार, बासरी, ॲकॉर्डियन. गायक आडोशाच्या खोलीत. काचेपलीकडे मिनू कात्रक, रॉबिन चॅटर्जी, कौशिक यांच्यासारखा ध्वनिमुद्रक. वेगवेगळे ट्रॅक पुढे फार उशिरा आले. तेव्हा सगळे जण एकदम वाजवत, एकदम गात आणि एकदमच सगळं फितीवर उतरे. कोणतं वाद्य जवळ ऐकू यावं आणि कोणतं लांब, हे बरंचसं माइकपासून वादक किती अंतरावर बसला यावर ठरे. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात तिसऱ्या मिनिटाला एखाद्याचा सूर घसरला तर गाणं पुन्हा पहिल्यापासून. लता मंगेशकरांसकट साठ-सत्तर माणसांनी आपल्या एका चुकीसाठी पुन्हा उभं राहायचं, हे दडपण घेऊन ही माणसं रोज वाजवत होती, आणि तेही थोडा वेळ आधी हातात पडलेला कागद वाचून.

तो कागद लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर. चाल सुचणं आणि ती एवढ्या वाद्यांकडून वाजवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या बहुतेक संगीतकारांचं शिक्षण गुरूकडून कानानं झालेलं. साठ माणसांनी एकाच क्षणी वेगवेगळे स्वर वाजवायचे तर ते पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीत लिहावे लागतात, आणि ती लिहिता-वाचता येणारी माणसं गोव्यातून आली. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सॉल्फेजिओ, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवत. त्या शाळांतून निघालेले तरुण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या हॉटेलांत, क्लबांत, मूकपटांच्या थिएटरांत वाजवायला बाहेर पडले आणि पुढे मुंबईच्या सिनेमात स्थिरावले. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा, आल्दोन्याचे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत मागे उसळणाऱ्या व्हायोलिनच्या लाटा आठवा. त्या कागदावर उतरवल्या सेबॅस्टियन यांनी. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, ‘अलबेला’त जो पाश्चात्त्य ठेका आणि ब्रासचा झणझणीतपणा आणला, त्यामागे चिक चॉकलेट होते. ते तर त्या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासकट पडद्यावरही दिसतात. १९५१ सालच्या हिशेबानं ही फार मोठी गोष्ट होती.

नाव छापायला जागाच नव्हती, असं कुणी म्हणेल. ७८ आरपीएमच्या तबकडीवरच्या गोल कागदात तीन-चार ओळी मावत, हे खरं. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागीसुद्धा ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचं नाव होतं. पण गायकांनी नावासाठी आग्रह धरला, तो निभावला, आणि १९५९ पासून फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कारही आला. वादकांची सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही संघटना होती. तिनं वादकांच्या श्रेणी लावल्या, प्रत्येक श्रेणीचा दर ठरवला, पैसे बुडू नयेत म्हणून खटपट केली. या संघटनेचं मोल मी कमी लेखत नाही. रोजच्या चुलीची काळजी असलेल्या माणसांसाठी ते फार मोठं काम होतं. पण सगळा व्यवहार शिफ्टचा राहिला. आज आलात, वाजवलंत, पैसे घेतलेत, संपलं. गाणं पुढे पन्नास वर्षं वाजत राहिलं तरी त्या गाण्याशी तुमचं काही नातं उरलं नाही.

मग पुढे यायचा सगळ्यांत सरळ रस्ता एकच दिसे, संगीतकाराची खुर्ची. या रस्त्यानं गेलेल्यांत मला गुलाम मोहम्मद फार जवळचे वाटतात. ढोलक आणि तबला वाजवणारा हा माणूस नौशाद यांचा कित्येक वर्षं सहायक होता. १९५४ च्या ‘मिर्झा गालिब’ला त्यांनी संगीत दिलं आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. एवढं होऊनही मोठी कामं त्यांच्याकडे धावत आली नाहीत. ‘पाकीझा’ची गाणी त्यांनी केली, चित्रपट वर्षानुवर्षं रखडला, १९६८ साली ते गेले आणि १९७२ साली चित्रपट पडद्यावर आला. उरलेलं काम नौशाद यांनी पुरं केलं. त्या वर्षीचा संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना जाहीर झाला. त्याच ‘बेईमान’मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार होता. प्राण यांनी तो नाकारला, कारण संगीताचा मान ‘पाकीझा’चा आहे असं त्यांचं मत होतं. आपल्याच चित्रपटाला मिळालेल्या पुरस्काराविरुद्ध, हयात नसलेल्या एका ढोलकवाल्यासाठी, एक नट उभा राहिला. हिंदी सिनेमाच्या इतिहासात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

दत्ताराम वाडकरांची गोष्ट निराळी. गोव्याचा हा मराठी माणूस शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यातला तालाचा आधार. त्यांच्या ढोलकाच्या एका खास चालीला वादकमंडळी ‘दत्तू ठेका’ म्हणत आणि अजूनही म्हणतात. राज कपूर यांनी ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) त्यांना दिला, पाठोपाठ ‘परवरिश’ (१९५८) आला, गाणी गाजली. पण दत्तारामांनी शंकर-जयकिशन यांची साथ सोडली नाही. स्वतःच्या चित्रपटांबरोबर सहायकाचं कामही चालू ठेवलं. याला कुणी महत्त्वाकांक्षेची उणीव म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. ठेका धरण्यात ज्याला खरा आनंद आहे त्याला खुर्चीची ओढ कमी असू शकते. सनईवादक रामलाल यांना मात्र ही निवडसुद्धा मिळाली नाही. व्ही. शांताराम यांनी ‘सेहरा’ (१९६३) आणि ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) दिले, दोन्हींतली गाणी आजही ऐकली जातात, आणि तरी पुढे दार जवळजवळ बंदच राहिलं.

या रस्त्यानं जाऊन ज्यांनी सगळं जिंकलं ते लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा. एक मेंडोलिनवर, दुसरा व्हायोलिनवर. दोघंही लहान वयात पोटासाठी स्टुडिओत आलेले. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रंपेटवादक आणि कडक शिक्षक, आणि व्हायोलिन शिकवलं अँथनी गोन्साल्विस यांनी. कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून काढलेली वर्षं, मग १९६३ चा ‘पारसमणी’, आणि १९६४ चा ‘दोस्ती’, ज्यानं ‘संगम’ आणि ‘वह कौन थी’ यांना मागे टाकून फिल्मफेअर मिळवला. ‘दोस्ती’तला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता, म्हणजे पुढच्या दशकातला त्यांचा सगळ्यांत मोठा स्पर्धक तेव्हा त्यांच्याच गाण्यात साथीला होता. सुमारे ५०० चित्रपट या जोडीनं केले. त्यांचं संगीत ऐकताना मला नेहमी जाणवतं की हे हॉलमध्ये मागे बसून शिकलेल्या माणसाचं संगीत आहे. पन्नास व्हायोलिनांना एकत्र काय पेलतं, ढोलकवाल्याला कुठे मोकळं सोडावं, अंतऱ्याआधीच्या तुकड्यात बासरीला श्वास घ्यायला जागा हवी, हे ज्यानं रांगेत बसून भोगलं त्यालाच असं लिहिता येतं. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायकाच्या गाण्यात एक नाव दुमदुमलं, ते प्यारेलाल यांच्या गुरूचं. देशभर पोरंसोरं ते नाव गात सुटली आणि त्या नावाचा खराखुरा माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत होतं.

त्या माणसानं वीस वर्षं आधी जे करून पाहिलं ते या सगळ्यांहून धाडसाचं होतं. अँथनी गोन्साल्विस यांना खुर्ची नको होती. त्यांना वाटे, रोज सिनेमाच्या तुकड्यांसाठी जमणारे हे वादक एकदा त्यांच्या स्वतःच्या संगीतासाठी जमावेत. रागांचं अंग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मांडणी एकत्र आणणाऱ्या रचना ते लिहीत होते. सारंग रागावरचा एक कॉन्चेर्तो त्यांत होता. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसवून कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. स्टुडिओतले वादक लोकांसमोर बसले आहेत, हातातले कागद त्यांच्यातल्याच एकानं लिहिले आहेत आणि पुढे कुठलाही पडदा नाही, असं दृश्य मुंबईनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. ते टिकलं नाही. असा वाद्यवृंद पोसायला नियमित पैसा लागतो, तालमीला वेळ लागतो, आणि वादकांना तर रोज सकाळी शिफ्ट होती. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर सिनेमाकडे वळले नाहीत, माजोर्ड्याला राहिले आणि २०१२ साली त्यांचा शेवट झाला. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला म्हणून निदान त्यांचा चेहरा आपल्याकडे राहिला. मुंबईत त्या प्रयोगाच्या मागे कुणी खंबीरपणे उभं राहिलं असतं तर आपल्या वाद्यसंगीताला एक वेगळी शाखा फुटली असती, असं मला मनापासून वाटतं. त्यांचेच समकालीन फ्रँक फर्नांड यांनी वेगळी वाट धरली. ट्रंपेट आणि व्हायोलिन वाजवून साठवलेल्या पैशांतून आणि जिद्दीतून त्यांनी कोकणी चित्रपट काढले, ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६). ‘निर्मोण’चा पुढे हिंदीत ‘तकदीर’ झाला.

दुसरा मोठा रस्ता मैफलीचा. जम्मूहून आलेले शिवकुमार शर्मा आणि आकाशवाणीच्या कटक केंद्रावरून मुंबईला आलेले हरिप्रसाद चौरसिया, दोघांनीही सिनेमाच्या हॉलमध्ये अक्षरशः हजारो तास काढले. ‘झनक झनक पायल बाजे’च्या (१९५५) पार्श्वसंगीतात संतूर आहे तो शिवकुमारांचा, आणि ‘गाइड’मधल्या ‘मोसे छल किये जाए’ला तबल्यावर तेच आहेत. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं वाद्य. त्यावर रागसंगीत होऊ शकत नाही, सूर लांबवता येत नाही, असं जाणकार ठामपणे सांगत होते. त्या विरोधाशी झुंजायला वेळ आणि पोटाला आधार, दोन्ही लागतं. तो आधार स्टुडिओनं दिला. १९६७ साली शिवकुमार, हरिप्रसाद आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी एचएमव्हीनं काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून सांगणारी. तबल्याला माणिकराव पोपटकर. जगभर खपलेल्या हिंदुस्थानी तबकड्यांत तिचं नाव फार वर आहे. तिच्यात मला सिनेमाच्या हॉलची शिस्त दिसते: थोडक्या वेळात प्रसंग उभा करायचा, एकमेकांना वाट द्यायची, कुठे थांबायचं ते आधीच ठाऊक असायचं. शुद्ध शास्त्रीय मैफलीत वाढलेल्या तिघांना ती तशी सुचली असती की नाही, याबद्दल मला शंका आहे. पुढे ‘सिलसिला’ (१९८१), ‘चांदनी’, ‘लम्हे’, ‘डर’ यांना शिव-हरी या नावानं संगीत देऊन ते दोघं सिनेमात परतले, ते खुर्चीवरच. हरिप्रसाद यांनी तर सिनेमात नाव असतानाच अन्नपूर्णादेवींकडे पुन्हा विद्यार्थी होऊन धडे घेतले. सरोदवादक जरीन दारूवाला-शर्मा यांची वाटही स्टुडिओ आणि मैफल अशा दोन्ही अंगणांतून गेली. स्टुडिओत बायका गाण्यापुरत्याच असत, वाजवणाऱ्या अगदीच विरळा, त्या काळातली ही गोष्ट.

मराठी माणसाला या विषयात सगळ्यांत आधी प्रभाकर जोग आठवावेत. १९३२ चा जन्म, नगर जिल्ह्यातला. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, यांच्या गीतरामायणाच्या शेकडो कार्यक्रमांत त्यांच्या शेजारी व्हायोलिन घेऊन बसलेले जोग ज्यांनी पाहिले आहेत, त्या पिढीतली माणसं आजही त्यांची आठवण काढतात. मुंबईच्या स्टुडिओत त्यांच्याकडे एक विशेष काम असे, ज्याला तिथले लोक ‘साँग व्हायोलिन’ म्हणत. बाकीचे व्हायोलिनवाले अरेंजरनं लिहिलेले तुकडे वाजवत. हा एकटा वादक मात्र गायकाच्या बरोबरीनं, गायकाचीच चाल, हरकती-मुरक्यांसकट वाजवत जाई. त्यासाठी चाल एकदा ऐकून तिचं झरझर नोटेशन करावं लागे, शब्द कुठे तुटतो, कुठे स्वरावर टेकतो, सगळं टिपावं लागे. आणि वाजवायचं असं की गायकाला आधार मिळावा पण ऐकणाऱ्याचं लक्ष गायकावरून ढळू नये. यशस्वी झालात याची खूण हीच की तुम्ही कुणाला ऐकू आला नाहीत.

वर्षानुवर्षं असं अंगाला लागून वाजवल्यावर जोगांच्या व्हायोलिनमधून शब्द यायला लागले. ही अतिशयोक्ती वाटेल त्यांनी ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकावं. एचएमव्हीनं काढलेल्या या तबकड्यांत गायक नाही, आणि तरी ‘च’ कुठे फुटला आणि ‘ळ’ कुठे घोळला ते कळतं. गजाच्या दाबात आणि डाव्या हाताच्या बोटाच्या सरकण्यात ते आहे. पुढे याच नावानं त्यांचे रंगमंचावरचे कार्यक्रम झाले. संगीतकार म्हणूनही जोग मोठेच: मालती पांडे यांचं ‘लपविलास तू हिरवा चाफा’ त्यांचं, आणि यशवंत देवांच्या शब्दांना त्यांनी चाल दिलेलं, बाबूजींनी गायलेलं ‘स्वर आले दुरुनी’ही त्यांचंच. पण माझ्या मते ‘गाणारं व्हायोलिन’ हे त्यांचं वेगळेपण. इतरांना पुढे येण्यासाठी साथ सोडावी लागली. जोगांनी साथीतच मिळवलेलं कसब उचलून मंचाच्या मध्यभागी ठेवलं. २०२१ साली ते गेले. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला होता, आणि तोच पुरस्कार कित्येक दशकं व्हायोलिन आणि अरेंजिंग करून वयाच्या पन्नाशीला ‘दिल तो पागल है’मुळे लोकांना कळलेल्या उत्तम सिंग यांनाही मिळाला, हे मला फार समाधानाचं वाटतं. व्हायोलिनच्या रांगेतून मराठीत आलेले आणखी एक म्हणजे अनिल मोहिले. ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या अरुण पौडवाल यांच्याबरोबर ‘अनिल-अरुण’ या नावानं त्यांनी ‘अष्टविनायक’ (१९७९) केला.

सिनेमातल्या गाण्यांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या साध्या तबकड्यांनीही काही जणांना नाव दिलं. इलेक्ट्रिक गिटारवाले व्हॅन शिपले आणि पुण्याचे ॲकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स यांच्या तबकड्या साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी होत्या. भूपिंदर सिंग यांची गंमत उलटी. गायक म्हणून लोक त्यांना ओळखतात, आणि ‘दम मारो दम’मधली ती गिटार त्यांचीच, हे पुष्कळांना ऐकून धक्का बसतो.

आता या कथेतला कडू भाग. ऐंशीच्या दशकात वेगवेगळे ट्रॅक घेऊन ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत रुळली. मग सगळ्यांनी एकत्र बसायची गरज संपली. पाठोपाठ सिंथेसायझर, सीक्वेन्सर आणि शेवटी संगणक आले आणि नव्वदचं दशक सरता सरता साठ-सत्तर माणसांचे ते हॉल ओस पडले. व्हायोलिनच्या चार रांगांचं काम एका माणसाच्या दोन हातांत आलं. केरसी लॉर्ड यांचं आयुष्य या बदलाच्या दोन्ही टोकांना आहे. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी यांच्यासकट हे पारशी घराणं म्हणजे हिंदी सिनेमाचं तालघर. ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’चं ॲकॉर्डियन केरसींचं. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिनीमूग हा सिंथेसायझर मुंबईच्या सिनेमात आणणारेही तेच. नवं वाद्य, नवा नाद याचं त्यांना अपार कुतूहल होतं. त्याच जातीच्या यंत्रांनी पुढे त्यांच्या सहकाऱ्यांचं काम काढून घेतलं, याचा दोष त्यांना कसा द्यायचा? यंत्र सगळीकडे येणारच होतं.

आणि काम संपत आलं तेव्हा लोकांना या माणसांची आठवण झाली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले अभ्यासक ग्रेगरी बूथ मुंबईत येऊन जुन्या वादकांच्या दारात बसले. त्या मुलाखतींतून उभं राहिलेलं त्यांचं पुस्तक २००८ साली आलं, आणि त्या कालखंडाबद्दल आज आपल्याला जे नीट माहीत आहे त्यातला मोठा भाग त्यात आहे. लॉर्ड कुटुंबावर रुद्रदीप भट्टाचार्जी यांनी ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट केला. मुंबई-पुण्यात रसिकांच्या मंडळांनी या वादकांना मंचावर बोलावलं. पुण्यातल्या पंचमप्रेमींचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या चाहत्यांचं, श्रेय यात मोठं. आर. डी. बर्मन यांचे मनोहारी सिंग, भानू गुप्ता यांच्यासारखे साथी समोर बसून सांगताहेत की हा तुकडा कसा सुचला, हा आवाज कशातून काढला, आणि मग तोच तुकडा वाजवून दाखवताहेत. ‘शोले’त अमिताभच्या ओठांना लावलेला माउथ ऑर्गन खरा भानूदांनी वाजवलेला, हे अशा कार्यक्रमांतून घरोघरी पोचलं. मनोहारीदांचा सॅक्सोफोन तर सत्तरी ओलांडल्यावरही मंचावर घुमत होता. २०१० साली ते गेले. बसू चक्रवर्तींबरोबर ‘सबसे बडा रुपैया’ला (१९७६) त्यांनी संगीत दिलं होतं, पण लोक मंचासमोर जमायचे ते त्यांच्या तुकड्यांसाठी.

हे फक्त आपल्याकडे झालं असं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागे वाजवणारे ‘फंक ब्रदर्स’ साठच्या दशकात बहुतांश काळ निनावी राहिले. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर (१९७१) त्यांची नावं पहिल्यांदा छापली गेली. त्यांचा बास गिटारवादक जेम्स जेमरसन १९८३ साली मोटाउनच्या पंचविशीच्या समारंभाला काळ्या बाजारातलं तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच वर्षी तो वारला. त्या वादकांवरचा माहितीपट आला २००२ साली.

मराठी घरांत मात्र हे चित्र जास्त आपुलकीनं पालटलं. दूरचित्रवाणीवरच्या ‘सा रे ग म प’च्या मराठी पर्वांत कमलेश भडकमकर यांचा वाद्यवृंद कॅमेऱ्यासमोर बसला, सूत्रसंचालक वादकांशी नावानं बोलू लागले, आणि अमर ओक यांची बासरी, नीलेश परब यांची ढोलकी, सत्यजित प्रभू यांची की-बोर्डवरची बोटं प्रेक्षकांना चेहऱ्यासकट माहीत झाली. अमर ओक यांच्या एकट्याच्या बासरीच्या कार्यक्रमाला माणसं तिकीट काढून जातात, याची पायाभरणी तिथे झाली. तिकडे ए. आर. रहमान यांनी कॅसेट आणि सीडीच्या आतल्या कागदावर वादकांची नावं वाद्यासकट छापायची रीत पाडली. पैशाच्या दृष्टीनं ती ओळ फुकटची होती. ती छापायला कुणी आधी का धजलं नाही, हे मला समजत नाही.

त्या ओळीची किंमत आता कायद्यातही आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्यांचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांना बळ दिलं. सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर मानधनातला वाटा, आणि सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क. पण त्याच दुरुस्तीत एक अट आहे. चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. आपल्या कामाची मोडतोड थांबवण्याचा हक्क तेवढा त्याला उरतो. ओळख सांगितली जाण्याचा हक्क उरत नाही. साठ वर्षं नाव न छापण्याचा जो रिवाज चालला, त्याच रिवाजाकडे आता कायदा बोट दाखवू शकतो. ‘साँग व्हायोलिन’ला किरकोळ म्हणायचं का, ‘शोले’तल्या माउथ ऑर्गनला प्रासंगिक म्हणायचं का, हा वाद वकिलांनी कोर्टात घालावा असाच आहे. गायकांनी २०१३ साली आपल्या हक्कांसाठी वेगळी संस्था काढली. त्या हॉलमधले जे वादक आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्याकडे बसून कोणत्या गाण्यात कोणता तुकडा कुणी वाजवला हे लिहून घेण्याचं काम अजून मुख्यतः हौशी रसिकच करताहेत, आपल्या खर्चानं, सुट्टीच्या दिवशी.